राबाचा धूर फोटोत मावत नाय

पालघरहून मनोरच्या रस्त्याला लागलं की या दिवसांत दोन्ही बाजूंची शेतं धुमसायला लागतात. कुठे पांढरा धूर, कुठे निळसर, कुठे आग विझून नुसती काळी चौकोनी जागा उरलेली. पहिले मला तो वास जाम आवडायचा. शेण, पातेरा म्हणजे गळलेली पानं, सुकलेल्या फांद्या, सगळ्याचा मिळून एक वास, लहानपणी तो आला की समजायचं, आता आंबे पडणार. गेल्या वर्षापासून तो नाकात गेला की मला पहिले स्टुडिओचा कॉम्प्युटर आठवतो, मग तिथल्या शेठचं तोंड आठवतं. धुराची त्यात काय चूक नाय.

सोमवारी शेठ बोलला, "गुरुवारी मासवणला ड्रोन उडणार. प्लॉटवाल्यांचा दुसरा फेज हाय. गेल्या वर्षीसारखी कटकट नको मला. तुझ्या आईला आजच फोन कर, फोटो होईपर्यंत काही पेटवायचं नाय."

आणि मासवणला माझ्या आईचा राब, भाताची जागा भाजायला रचतात तो, पेटवायला तयार होता. आभाळ दोन दिवसांपासून घामेजलेलं होतं, संध्याकाळी मासवणच्या डोंगरामागे काळं दिसायचं. मी मान हलवली. मला शेठसमोर बोलता येत नाय. मान हलवली आणि पोरीला कडेवर घेऊन खाली आले, जिन्यात गुटख्याच्या लाल पिचकाऱ्या, पोरगी त्याला हात लावायला बघत होती, मी तिचा हात एवढ्या जोरात ओढला की ती रडली.

माझं काम कोणाला सांगितलं तर खोटं वाटतं. मी नववीत शाळा सोडलेली. लग्न होऊन बोईसरला आले, हे कंपनीत पाळीला जातात, खोलीत बसून काय करायचं म्हणून स्टेशनजवळच्या फोटो स्टुडिओत लागले. पहिले फक्त लग्नाचे अल्बम. नवरीचा रंग उजळ करायचा, मामाचं पोट कमी करायचं, मागे उभी राहिलेली नको ती माणसं कापायची. ते जमलं. मग शेठने ड्रोनवाल्याबरोबर भागी केली आणि आमच्याकडे वरून काढलेले फोटो यायला लागले, हॉलचे, शेतघरांचे, शाळेचे, आणि मग या मासवणच्या प्लॉटचे.

ड्रोनवाला हिंदीत बोलतो. पहिल्या दिवशी त्याने मला समजावलं, "भाभी, पाँच का सेट है. एक जगह के पाँच फोटो. पाँचों साथ में डालना, अलग मत करना." एकच जागा, पण एक फोटो अगदी काळोखा, एक अगदी पांढराफटक, बाकीचे मधले. काळोख्यात आभाळ नीट येतं, उजेडवाल्यात झाडाखालची सावली नीट येते. कॉम्प्युटर पाचांतलं चांगलं चांगलं उचलतो आणि त्याचा एक फोटो बनवतो. त्याला सगळे एचडीआर बोलतात. मी मनात खिचडी बोलते. डाळ चांगली, तांदूळ चांगला, आणि वर आलेला रंग बघून जेवणावरची वासना उडते.

खरंच उडायची. तेव्हा पोरगी अंगावर पीत होती, मी तिला मांडीवर घेऊन स्क्रीनसमोर बसायची, आणि समोर ते आभाळ. निळं नाय, जखमेला लावायच्या औषधाच्या रंगाचं. त्याखाली हिरवा. वैशाखातली इकडची जमीन मला माहीत हाय, मी मासवणला वाढले, वैशाखात ती वाळलेल्या खरजेसारखी असते, तपकिरी, भेगा पडलेली, बकरीला पण तोंड घालायला काय मिळत नाय. शेठ मागे उभा राहून बोलायचा, "हिरवा वाढव. अजून वाढव. गिऱ्हाईक हिरव्याला भुलतं." मी वाढवायची. हिरवा वाढत वाढत असा व्हायचा की पिपरमिंटच्या गोळ्या चोखून कोणी शेतावर थुंकलंय. शेठच्या तोंडाला तंबाखूचा वास, खिडकीतून नाल्याचा वास, पोरीच्या ओठाला माझं दूध, आणि समोर तो हिरवा. एकदा मी खरंच उठून मोरीत जाऊन आले.

पण तोपर्यंत फोटो निदान धड व्हायचे. मासवणचे झाले नाय.

पाच टाकले, मिसळायचं बटण दाबलं, आणि जे वर आलं ते बघून मी पोरीला छातीशी धरली. डोंगर बरोबर होता, रस्ता बरोबर होता. मध्ये एका शेतात राखाडी चिखल कालवल्यासारखा डाग, त्याच्या कडा निळ्या, जांभळ्या, आणि त्या डागात एक बाई. अर्धी. तिच्या बाजूला पुन्हा तीच, नुसती कमरेपासून खाली. आणि थोडं पुढे एक हात. हातात फांदी. हाताला माणूसच नाय.

मी घाबरट हाय, लपवून काय करू. संध्याकाळी चिंचेखालून जात नाय. मी शेठला हाक मारली तर तो हसायला लागला. "अगं भूत बोलतात त्याला. सॉफ्टवेअरमध्ये भूत काढायचं बटण असतं बघ. काढ."

बटण होतं. कमी, मध्यम, जास्त, असं. कमी केलं तर तिन्ही बाया तशाच. मध्यम केलं तर एक गेली, दोन राहिल्या, आणि चिखलाच्या डागावर रवा सांडल्यासारखे दाणे आले. जास्त केलं तर बाई गेली, पण तिच्याबरोबर शेताचा बांध गेला, अर्धं झाड गेलं, आणि तिथे एक काळपट चट्टा उरला, अंगावर नायट्याचा उठतो तसा. मग मला वाटलं फोटो एकावर एक बसत नसतील, वाऱ्याने ड्रोन हलला असेल. जुळवून घ्यायची खूण असते ती केली. झाडं जुळली, बाई नाय जुळली. मग वाटलं सेटची सरमिसळ झाली असेल, याचा एक फोटो त्याच्यात गेला असेल. सगळे सेट पुन्हा उघडून वेळ बघून लावले. तेच. मग वाटलं कॉम्प्युटरच बिघडला. बंद करून चालू केला. तेच. शेठ दर थोड्या वेळाने येऊन विचारायचा, "झालं?" आणि प्रत्येक वेळी मी "होतंय" बोलायची, कारण माझ्या जागी बसायला बी.कॉम झालेल्या पोरी विचारून गेलेल्या, आणि त्यांच्या मांडीवर पोर नव्हतं.

शेवटी मी मिसळायचं सोडून दिलं. पाच फोटो एकेक करून नुसते बघितले, एकामागून एक, पटापट. आणि ते हलले.

धूर हलला. पहिल्यात तो बांधापर्यंत होता, दुसऱ्यात झाडाला टेकला, तिसऱ्यात झाडाच्या पलीकडे. आणि बाई चालली. राबाच्या कडेकडेने चालत होती, बाहेर पळणारी आग फांदीने दाबत होती. डाव्या हाताने. पदर खोचलेला, डोकं जरा पुढे काढून चाललेली. डाव्या हाताने आग दाबणारी मासवणला एकच बाई हाय.

मी किती वेळ आईला भूत समजून पुसत होते.

ज्याला माहीत नाय त्याला सांगते, राब म्हणजे काय. भाताचं रोप जिथे करायचं ती जागा उन्हाळ्यात भाजून घ्यायची. खाली शेण, त्यावर झाडांच्या छाटलेल्या फांद्या, त्यावर पातेरा, गवत, आणि सगळ्यात वर बारीक माती. मग वारा समोरून घेऊन पेटवायचं, म्हणजे आग धावत नाय, सावकाश सरकते आणि जमीन खोलपर्यंत भाजते. तणाचं बी मरतं. मग पावसात तिथे टाकलेलं भात असं तरारून येतं की बोट घालायला जागा नाय. राब नाय भाजला तर रोप आणि गवत एकत्र उगवतं, कोण कुठलं ते बाईला निवडत बसायला लागतं. हे काम उभं राहून होत नाय. माझी आई एका जागी उभी राहिलेली मी कधी बघितलीच नाय. या खिचडीला मात्र सगळं जग पाच फोटोंपुरतं दगड व्हायला पाहिजे. जो हलला तो बिघाड. डोंगर चालतो, रस्ता चालतो, विकायची रिकामी जमीन तर एकदम झकास चालते. काम करणारं माणूस चालत नाय. मला तेव्हा हे सगळं असं बोलता आलं नसतं. तेव्हा मला फक्त आनंद झाला, की सापडलं, कॉम्प्युटर बिघडला नाय, मी बिघडवला नाय, आणि मी धावत जाऊन शेठला बोलले, "शेठ, धूर हाय! धूर हलतो म्हणून होतंय. जिथे धूर नाय ते सगळे सेट बरोबर येतात."

शेठ खुश झाला. "शाब्बास. मग सोपं हाय. धूर बंद करायचा आणि परत फोटो काढायचे. कोणाचा हाय धूर?"

आणि मी, तशीच आनंदात, बोलले, "माझ्या आईचा."

तो बसला तिथेच फोनवर. प्लॉटवाल्या साहेबाला सांगितलं, आमच्याच पोरीची आई हाय, काय टेन्शन नाय. साहेब बोलला, बाईचा राब बाकी हाय का अजून? शेठने मला विचारून सांगितलं, हाय, अर्धा तुकडा बाकी हाय. साहेब बोलला, मग आठवडाभर थांबवा, आमची गिऱ्हाईकं पण यायची हायत गाड्या घेऊन, त्यांना धुराचा त्रास नको. शेठने माझ्याच फोनवरून आईला फोन लावून फोन माझ्या हातात दिला आणि समोर उभा राहिला.

"आई, ऐक ना. राब जरा थांबव."

"का गं बाय? कोण मेलं का?"

"नाय गं. तिकडे फोटो काढायचे हायत. वरून. धूर येतो मध्ये."

"मग फोटो दुसरीकडचा काढ बोलावं त्यांना. डोंगर एवढा मोठा हाय."

"आई, माझं काम हाय ते."

तिकडे मागे कोंबड्या ओरडत होत्या. मग बोलली, "तुला ओरडतात का?"

शेठ माझ्या तोंडाकडे बघत होता. मी बोलले, "नाय."

"बरं. थांबते."

ती थांबली. ड्रोन उडाला, फोटो धुराशिवाय आले, मी पाच पाच मिसळले, एकदम सरळ, कुठे डाग नाय, कुठे बाई नाय. शेठने हिरवा वाढवायला लावला. त्याचं चकचकीत पुस्तक छापून आलं आणि मला एक बघायला दिलं, मी ते कपाटावर उलटं टाकलं. आणि त्याच आठवड्यात अवकाळी आला. मोठा नाय, एकच सर, रस्ता पण नीट भिजला नाय. पण रचलेला राब भिजला. शेण फुगलं, पातेरा चिकट झाला. आईने दोनदा पेटवला, नुसता कुजका धूर आला, आग लागेना. अर्धी जागा काळी झाली, अर्धी तशीच हिरवट ओली. आषाढात मी गेले तर आई त्या अर्ध्या तुकड्यात बसून रोपातून गवत वेचत होती, नाकाच्या टोकापर्यंत चिखल, कंबर धरलेली. मला बघून बोलली, "ये गं बाय, तुझे फोटो चांगले आले ना?" टोमणा मारला की विचारलं, ते तिच्या तोंडावरून कधीच कळत नाय.

मी खाली बसून गवत वेचायला लागले. रोप कुठलं आणि गवत कुठलं ते मला कळत नव्हतं. मी रोपच उपटलं. आई ओरडली, "उठ तिथून! तू कॉम्प्युटरवरच बस." मग हसली. मग सांगायला लागली, गिऱ्हाईकं आली होती गाड्या घेऊन. एक बाई चष्मा लावून खाली उतरली, हातात ते पुस्तक. पुस्तकात बघते, जमिनीकडे बघते. मला विचारते, मावशी, इथली हिरवळ कुठे गेली? मी बोलले, बकऱ्यांनी खाल्ली. खरंच वाटलं बघ तिला, ड्रायव्हरला बोलते, इथे बकऱ्या जाम हायत.

मी पण हसले. पण त्या वर्षी आईचं रोप विरळ झालं, एक खाचर लावायचं राहिलं, तसंच पडून राहिलं, आणि भात झोडल्यावर दरवर्षी येते ती माझ्या वाटणीची गोण आली नाय. आईने त्याबद्दल एक शब्द काढला नाय. मी बोईसरच्या दुकानातला तांदूळ शिजवते तेव्हा त्याला एक वास येतो, पोत्याचा, औषधाचा, आणि मला तो पोरीला भरवताना शिसारी येते. हे बोलतात, सगळी दुनिया खाते हा तांदूळ. खाते असेल.

म्हणून सोमवारी शेठ बोलला आणि मी मान हलवली, तरी फोन काय केला नाय. घरी गेले. मंगळवारी आईचाच फोन आला, पोरीशी बोलायला. बोलता बोलता बोलली, "आभाळ बघतेस ना? मी गुरुवारी पेटवते." माझ्या तोंडावर आलं होतं, आई थांब. मी बोलले, "बरं." आणि फोन ठेवला. आता शेठला काय सांगू? ह्यांना विचारलं, हे जेवता जेवता बोलले, "सांग शेठला, आईला फोन लागला नाय." मग थांबून बोलले, "पण गेल्या वर्षी लागला होता ना."

बुधवारी सकाळी मी पोरीला घेऊन जिना चढले. शेठ अगरबत्ती लावत होता. मी दरवाज्यातूनच बोलले, आत जाऊन बोलले असते तर बोललेच नसते.

"शेठ, आई उद्या राब पेटवणार हाय. मी तिला थांब बोलले नाय."

"म्हणजे?"

"धूर येऊ दे. मी काढते फोटोतून."

"गेल्या वर्षी तर निघत नव्हता!"

"आता निघेल. मी शिकले."

"आणि नाय निघाला तर?"

पोरगी माझे केस ओढत होती. "तर दुसरी कोणी ठेवा."

वर्षभरात मी त्याच्याशी एवढं बोललेच नव्हते. शेठ अगरबत्ती खोचून बोलला, "साहेबाला धूर दिसला नाय पाहिजे. बाई पण दिसली नाय पाहिजे. मग काय पण कर."

आज फोटो आले. दुपारपासून बसलेय. ड्रोनवाला कार्ड देताना नाक धरून बोलला, "भाभी, पूरा कपड़ा धुएँ से भर गया. आपकी मम्मी ने तो आग लगा दी." मी बोलले, "हाँ, लगानी थी."

मी पाच फोटो मिसळले नाय. मिसळले तर गेल्या वर्षीचंच, तीन अर्ध्या बाया आणि चट्टे. मधला एकच घेतला. त्याच एकाला काळोखा करून एक बनवला, उजेड करून एक बनवला, आणि त्या तिघांचा एक केला. एकाच क्षणाचा फोटो, म्हणजे त्यात काय हलत नाय. हे मी वर्षभर रिकाम्या वेळात बघून बघून शिकले, शेठला सांगितलं नव्हतं. दाणे थोडे येतात, कोणाला दिसत नाय. आभाळ आलं, सावली आली, आणि मध्ये धूर, अगदी स्वच्छ, एकेक वळसा मोजता येईल असा. आणि आई. पूर्ण. कुठे फाटलेली नाय, कुठे दोनदा नाय. पाठीमागे काळी झालेली जागा, पुढे आग, आणि ती वर बघत होती, डोळ्यांवर हात धरून.

असा आईचा फोटो माझ्याकडे एक पण नाय. लग्नातल्या फोटोत ती कोपऱ्यात ताटं घेऊन पाठमोरी हाय.

आणि मग मी तिला काढायला घेतलं. धूर पहिला. आईने पेटवायच्या आधी ड्रोनवाल्याने नुसत्या डोंगराची एक फेरी मारली होती, त्यातला डोंगर आणून धुरावर बसवला, कडा बोळ्याने पुसल्यासारख्या पुसल्या. मग जळालेली जागा. बाजूचं वाळलं गवत उचलायचं आणि काळ्यावर डकवायचं, उचलायचं, डकवायचं. मग पाय. मग साडी. मी चेहरा शेवटी ठेवला. माऊस घामाने चिकट झालेला, पोरगी मांडीवर, स्क्रीनकडे बोट दाखवून "आजी, आजी" करत होती, मी तिचं तोंड दुसरीकडे फिरवलं. अशी किळस मला नाल्याची पण वाटली नाय कधी. पिकल्या गळवावर गोरं कातडं ओढावं तसं ते गवत, साफ, सारखं, कोणाला काय कळणार नाय. शेठ मागून आला, वाकून बघितलं, बोलला, "वा. आता हिरवा वाढव." मी वाढवला.

बाहेर वारा सुटला होता. खिडकीची काच थडथडत होती, पहिले दोन थेंब काचेवर आडवे फुटले, मग सगळी काच वाहायला लागली. तेवढ्यात आईचा फोन. मागे पावसाचा आवाज पत्र्यावर, तिला ओरडून बोलायला लागत होतं.

"बाय! जळला सगळा! पाऊस यायच्या आधी पार शेवटच्या कोपऱ्यापर्यंत जळला! तिकडे आला का पाऊस?"

"आला."

"आणि ऐक, तुझं ते यंत्र डोक्यावर फिरत होतं. मी वर बघितलं, हात पण केला. आले का गं मी फोटोत?"

समोर स्क्रीनवर ते हिरवं पसरलेलं.

"नाय आई. जाम धूर होता. काहीच दिसत नाय."

आई तिकडे खळखळून हसली. "एवढा धूर ना? मग बरोबर पेटला होता."